रेमंड क्यूलेमान्स : तीन कुशन आणि पुढचा फटका

निळा_चॉक

बिलियर्ड्स म्हटलं की आपल्याकडे विल्सन जोन्स, मायकेल फरेरा, गीत सेठी, पंकज अडवाणी ही नावं पटकन ओठांवर येतात, आणि ती यायलाच हवीत. पुण्यात जन्मलेले जोन्स १९५८ साली कलकत्त्यात जगज्जेते झाले, तेव्हा कुठल्याच वैयक्तिक खेळात भारताकडे जागतिक विजेता नव्हता, असं मानतात. पण याच खेळाची दुसरी एक शाखा आहे. तिच्याकडे आपलं लक्ष फारसं गेलेलं नाही. ती म्हणजे कॅरम बिलियर्ड्स. तिथे टेबलाला पॉकेटच नसतात. म्हणजे बॉल पॉकेटात घालणं नाही (ना पॉटिंग, ना इन-ऑफ), फक्त कॅनन, म्हणजे आपल्या बॉलने उरलेल्या दोन्ही बॉलना लागणं. हा धागा त्या शाखेतल्या सगळ्यात मोठ्या खेळाडूविषयी आहे: बेल्जियमचे रेमंड क्यूलेमान्स. १२ जुलै १९३७ ला लीर गावात जन्म, १० जानेवारी २०२४ ला निधन. ते गेले तेव्हा मराठीत कुठे दोन ओळी वाचायला मिळाल्या नाहीत, ही रुखरुख होती. म्हणून आज सविस्तर लिहितोय.

आधी त्यांचा खेळ, म्हणजे थ्री-कुशन, थोडक्यात सांगतो. टेबल २.८४ मीटर लांब, १.४२ मीटर रुंद. तीनच बॉल: पांढरा, पिवळा, लाल. आपल्या स्नूकरच्या बॉलपेक्षा चांगलेच मोठे, सुमारे ६१ मिलिमीटर व्यासाचे आणि दोनशे ग्रॅमच्या वर वजनाचे. एकाचा क्यू बॉल पांढरा, दुसऱ्याचा पिवळा. आपल्या बॉलने उरलेल्या दोघांना स्पर्श करायचा, पण दुसऱ्याला लागण्याआधी किमान तीन वेळा कुशनला (टेबलाच्या रबरी कडेला) लागलेलं असलं पाहिजे. जमलं की एक गुण आणि पुन्हा तुमचीच पाळी. चुकलं की खुर्चीत जाऊन बसायचं. टेबलाची पाटी खालून तापवलेली असते, म्हणजे कापड ओल धरत नाही आणि बॉल लांबवर, एकसारखा पळतो. क्लबात पावसाळ्यात जड झालेल्या कापडावर जो खेळलाय त्याला याचं मोल लगेच कळेल.

आता आकडे. ३५ जागतिक विजेतेपदं, त्यातली २३ थ्री-कुशनमध्ये. ४८ युरोपीय. ६१ राष्ट्रीय. जगज्जेतेपद पहिल्यांदा मिळालं १९६३ साली. त्यानंतर १९७३ पर्यंत जागतिक स्पर्धेत त्यांना खाली ओढणारा कोणी निघाला नाही. १९७४ ला जपानच्या नोबुआकी कोबायाशींनी ते करून दाखवलं. पुढच्याच वर्षी क्यूलेमान्सनी किताब परत घेतला आणि १९८० पर्यंत सोडला नाही. शेवटचा जागतिक किताब २००१ चा, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी. पहिला आणि शेवटचा किताब यांत ३८ वर्षं! बेल्जियममध्ये त्यांना 'मिस्टर १००' म्हणत, कारण विजेतेपदांची शंभरी त्यांनी सत्तरच्या दशकातच गाठली होती.

पण मला खरं बोलायचंय ते त्यांच्या खेळाबद्दल. त्यांच्या आधीचे बहुतेक थ्री-कुशनवाले समोरचा गुण मिळवायच्या मागे असत. तीन कुशन घेऊन दुसऱ्या बॉलपर्यंत पोचणं हेच इतकं अवघड, की पुढचं कोण बघतो? मिळाला गुण तर देवाचे आभार, आणि बॉल जिथे थांबतील तिथून पुढे. क्यूलेमान्स मात्र साध्या कॅरमच्या (कुशनची अट नसलेला प्रकार) आणि बॉकलाइनच्या (टेबलावर रेषा आखून खेळायचा प्रकार) तालमीत तयार झालेले. तिथे बॉल जवळ ठेवणं, त्यांना हाताळत नेणं हाच सगळा खेळ. ती सवय त्यांनी थ्री-कुशनमध्ये आणली. आपला बॉल कुठे जाणार हे तर हवंच, पण ज्याला आपण आधी मारतो तो बॉल कुठे जाऊन थांबणार, हेही फटक्याआधी ठरलेलं.

एक नमुना घेऊ. क्यू बॉल एका टोकाला, लाल बॉल लांब कुशनजवळ, पिवळा पलीकडच्या कोपऱ्यात. सरळ उत्तर असं: लालला अर्धा धरायचा (म्हणजे आपला बॉल लालच्या निम्म्या भागावर आदळेल असा मारायचा), लांब कुशन, आखूड कुशन, समोरचं लांब कुशन, आणि कोपऱ्यातला पिवळा. गुण मिळेल. पण अर्ध्या जाडीने घेतलेला लाल बऱ्याचदा कुशनवर आपटून टेबलाच्या मधोमध येतो. कधी तो आपल्याच बॉलच्या वाटेत येऊन 'किस' होते, कधी किस टळली तरी लाल असा एकटा पडतो की पुढचा फटका डोंगर. क्यूलेमान्स तोच गुण लाल थोडा जाड धरून, साइड (बॉलला बाजूने दिलेली फिरकी) कमी करून, वेग बदलून काढत. आपला बॉल त्याच वाटेने फिरतो, पण लाल आधीच रस्ता ओलांडून गेलेला असतो आणि फिरून त्याच कोपऱ्याच्या आसपास येऊन विसावतो. आता लाल आणि पिवळा दोन्ही एका बाजूला, दोन्ही कुशनजवळ. कुशनजवळच्या बॉलला थेट लागलं तरी चालतं, कुशनवरून येऊन लागलं तरी चालतं, म्हणजे निशाण जवळपास दुप्पट मोठं. प्रेक्षकाला वाटतं, या माणसाला सारखे सोपेच फटके कसे मिळतात? मिळत नव्हते, तो ते मागच्या फटक्यात मांडून ठेवत होता.

ज्यांनी हा खेळ पाहिलाय किंवा खेळलाय त्यांनी जरूर लिहा.

---

सह्यभटका

अप्रतिम धागा! मला वाटायचं कॅरम म्हणजे फक्त आपला पावडर टाकलेल्या बोर्डवरचा. एक बाळबोध प्रश्न: सरासरी किती असली की खेळाडू चांगला म्हणायचा?

---

निळा_चॉक

@सह्यभटका, बाळबोध अजिबात नाही, सगळा खेळ त्या एका आकड्यावर मोजतात. एकूण गुण भागिले एकूण पाळ्या. थ्री-कुशनची पहिली स्पर्धा १८७८ च्या जानेवारीत अमेरिकेत सेंट लुइसला झाली, लिऑन मॅग्नस जिंकले. तेव्हा सगळ्यांत चांगली सरासरी होती ०.७५ आणि सगळ्यांत मोठा ब्रेक (एका पाळीतले सलग गुण) होता फक्त ६ गुणांचा. पुढे कित्येक दशकं एकच्या वर राहणारा खेळाडू थोर मानला जाई. क्यूलेमान्स एकच्या बरेच वर राहिले आणि तेही वर्षानुवर्षं. आजचे पहिल्या फळीतले खेळाडू चांगल्या दिवशी दोनच्या पुढे जातात.

---

अंकलिपी

या सरासरीमागचं गणित मांडतो, मग तिची उंची कळेल.

प्रत्येक फटका जमण्याची शक्यता सारखीच धरली, तर सरासरी १ म्हणजे निम्मे फटके जमतात. सरासरी १.५ म्हणजे शंभरात ६०. सरासरी २ म्हणजे शंभरात ६७ च्या आसपास. वरवर बघता निम्म्यावरून दोन-तृतीयांशावर जाणं फार मोठं वाटत नाही. पण सलग दहा गुणांचा ब्रेक बघा. निम्मे फटके जमणाऱ्याला तो साधारण हजार पाळ्यांतून एकदा मिळेल. साठ टक्केवाल्याला १६५ पाळ्यांतून एकदा. सदुसष्ट टक्केवाल्याला ५८ पाळ्यांतून एकदा. इतका फरक पडतो!

आणि आता धाग्यातला मुद्दा. हे गणित प्रत्येक फटका सुटा धरतं, म्हणजे नाणं उडवल्यासारखा. निळा_चॉक म्हणताहेत ते खरं असेल तर क्यूलेमान्सनी नेमकं हेच गृहीतक मोडलं. एक फटका जमला की पुढचा जमण्याची शक्यता वाढते, कारण तो पुढचाही त्यांनीच तयार केलाय. मग ब्रेक वरच्या हिशेबापेक्षा जास्त वेळा लांबणार. मला ही गोष्ट विजेतेपदांच्या यादीपेक्षा मोठी वाटते.

---

निळा_चॉक

@अंकलिपी, दंडवत. मी तीन परिच्छेद लिहून जे सांगू पाहत होतो ते तुम्ही एका वाक्यात सांगितलंत.

---

गिरगावकर

मी उभं आयुष्य इंग्लिश बिलियर्ड्स खेळलो, म्हणून दोन गोष्टी जोडतो.

आमच्याकडे कॅननला दोन गुण. बॉल एकदा कुशनजवळ जमले की चांगला खेळाडू टुकटुक करत कॅनन करत राहतो, बॉल हलल्यासारखे वाटतसुद्धा नाहीत. १९०७ साली इंग्लंडमध्ये टॉम रीस यांनी पॉकेटच्या तोंडाशी दोन बॉल अडकवून असा ब्रेक चालवला की तो ४,९९,१३५ वर पोचला तरी संपला नव्हता. लोक कंटाळून गेले, आणि ती युक्ती बंद करावी लागली. आजही आमच्या नियमात सलग कॅननना ७५ ची मर्यादा आहे, त्यामागे हाच जुना त्रास.

पॉकेट नसलेल्या टेबलावरही तेच झालं. १८९० मध्ये थोरले जेकब शेफर यांनी साध्या कॅरममध्ये सलग तीन हजार गुण केले. असल्या लांबणीला आळा घालायलाच टेबलावर रेषा आखून बॉकलाइन आली होती, म्हणजे रेषेच्या आतल्या चौकटीत ठरावीक फटके झाले की बॉल बाहेर काढलाच पाहिजे. थ्री-कुशन हा त्याच रोगावरचा जालीम उपाय. तिथे बॉल जवळ घेऊन बसताच येत नाही, प्रत्येक गुणाला अख्खं टेबल फिरावं लागतं. अशा खेळात जवळिकीची कला परत आणणारा माणूस म्हणजे काय चीज असेल, हे क्यू हातात धरलेल्याला सांगायला नको.

माझ्या लहानपणी क्लबातले मार्कर (गुण मांडणारे) शिकवायचे, 'आपल्या बॉलकडं सगळेच बघतात, तू लाल बघ.' तेच आज इथे वाचलं आणि छाती भरून आली.

---

न्यूजर्सीकर

धागा उत्तम, पण 'सगळ्यात मोठा' या शब्दाला माझा विरोध. अमेरिकेच्या विली हॉपी यांना तुम्ही विसरताय.

हडसन नदीकाठच्या कॉर्नवॉल गावात १८८७ चा जन्म, वडिलांचं हॉटेल, तिथे टेबल. पोराचा हात पोचेना म्हणून पेटीवर उभं राहून खेळायचा. त्यातून कोपर बाहेर काढून मारायची जी ढब लागली ती जन्मभर टिकली. पुस्तकी तंत्राच्या दृष्टीने चूकच, पण त्याच ढबीने १५ जानेवारी १९०६ ला, अठरा वर्षांचा असताना, पॅरिसमध्ये मॉरिस विन्यो यांना ५०० विरुद्ध ३२३ ने हरवलं. विन्यो म्हणजे फ्रान्सचं दैवत. आणि प्रकार होता १८.१ बॉकलाइन, कुशनपासून अठरा इंचांवर रेषा आणि चौकटीत जेमतेम एका फटक्याची मुभा.

तिथून १९५२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ५१ जागतिक किताब. १९४० ला शिकागोच्या थ्री-कुशन स्पर्धेत वीस सामने, वीस विजय. तेव्हा वय बावन्न! बॉकलाइन, कुशन कॅरम, थ्री-कुशन, तिन्हींत जगज्जेता. मला तरी ते क्यूलेमान्सच्या खाली बसवता येत नाहीत.

---

निळा_चॉक

@न्यूजर्सीकर, हॉपींबद्दल मला अपार आदर आहे. १९४० चे वीस विजय हा माझ्या मते त्या काळातला सर्वोच्च पराक्रम. तरी माझं मत बदलत नाही, त्याची दोन कारणं.

हॉपींच्या काळात बरेच किताब आव्हान-सामन्यांचे असत. एक विजेता, एक आव्हानवीर, ठरलेली रक्कम, ठरलेले गुण. क्यूलेमान्सना दरवर्षी युरोप, जपान, लॅटिन अमेरिका इथून आलेल्या संपूर्ण गटातून वाट काढावी लागे. कोबायाशींसारखा प्रतिस्पर्धी दहा वर्षं पाठीशी लागलेला. मायदेशातही लुडो डीलिस. बेल्जियमचं राष्ट्रीय विजेतेपद हेच तेव्हा अर्धी जागतिक स्पर्धा होती.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. हॉपींसारखं खेळणारा पुन्हा झाला नाही, कारण ती ढब त्यांची एकट्याची होती. क्यूलेमान्ससारखं खेळणारे पुढे पिढ्यान् पिढ्या झाले. स्वीडनचे टॉर्ब्यॉर्न ब्लोमडाल, नेदरलँड्सचे डिक यास्पर्स, बेल्जियमचेच फ्रेडरिक कोड्रॉन, सगळ्यांच्या खेळात पुढचा फटका आधीच मांडलेला दिसतो. ब्लोमडालनी १९८७ ला पहिला जागतिक किताब घेतला आणि नंतर १९८८, १९९७, २०१५, २०१९ लाही. सरासरीत ते गुरूच्या पुढे गेले. पण ज्या रस्त्याने गेले तो कोणी पाडला, हे विसरून चालणार नाही.

---

न्यूजर्सीकर

दुसरा मुद्दा मान्य. पहिला नाही. आव्हान-सामन्यात एका वाईट दिवसाने सगळं जातं, गटात सावरायला जागा असते. पण ठीक आहे, दोघांनाही मानू या.

---

लवेनवासी

नोकरीमुळे बरीच वर्षं बेल्जियममध्ये आहे, मेशेलन शहर इथून हाकेच्या अंतरावर. क्यूलेमान्सचं वास्तव्य तिथलंच.

इथल्या जुन्या कॅफेंत अजूनही कोपऱ्यात पॉकेट नसलेलं टेबल दिसतं. बहुतेक वेळा स्पर्धेच्या मापाचं नाही, लहान, २.३० मीटरचं. दुपारी साठीच्या पुढची मंडळी एक बिअर समोर ठेवून तासन् तास खेळतात. बोलणं जवळजवळ नाही. चांगला फटका बसला की खेळणारा नव्हे, समोरचा क्यूच्या बुंध्याने जमिनीवर हलकेच दोनदा ठोकतो. मी एका आजोबांना क्यूलेमान्सबद्दल विचारलं तर त्यांनी काही सांगायच्या आधी उठून टेबलावर तीन बॉल मांडले आणि म्हणाले, हा फटका खेळ. मी खेळलो, गुण मिळाला, मला आनंद झाला. त्यांनी बॉल परत तसेच मांडले, स्वतः खेळले. गुण त्यांनाही मिळाला, पण तिन्ही बॉल एका ताटलीत मावतील इतके जवळ येऊन थांबले. मग म्हणाले, 'रेमंड असं करायचा.'

अजून एक. जगातल्या बहुतेक मोठ्या क्लबांत वापरतात ते अ‍ॅरामिथ बॉल बेल्जियममध्येच बनतात, आणि सिमोनिस कापड व्हर्व्हिए भागातलं, सतराव्या शतकापासूनचं. आपल्याकडच्या क्लबातले बॉलसुद्धा खोक्यावर बघा, बेल्जियमचेच निघतील. हा देश या खेळाच्या बाबतीत असा नखशिखांत बुडालेला आहे, क्यूलेमान्स इथेच निपजले यात नवल नाही.

---

गिरगावकर

ताटलीत मावतील इतके जवळ! लवेनवासी, असा अनुभव लिहून ठेवल्याबद्दल मनापासून आभार.

---

हनकाठची_मीरा

सोलमध्ये संशोधनासाठी आहे. इथे हा खेळ म्हाताऱ्यांचा नाही हे आवर्जून सांगते. गल्लोगल्ली, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर बिलियर्ड्सची दालनं. विद्यार्थी, ऑफिसातले लोक, अलीकडे मुलीसुद्धा खूप. पूर्वी आत धुराने डोळे चुरचुरत, २०१७ च्या डिसेंबरपासून धूम्रपानाला बंदी आली आणि चित्र पालटलं. सर्वसाधारण लोक चार बॉलचा प्रकार खेळतात, पण त्याचाही शेवट थ्री-कुशनच्या फटक्याने करायचा असतो. त्यामुळे थ्री-कुशन सगळ्यांनाच थोडंफार येतं. टेबलावर बसल्या बसल्या काळ्या सॉसच्या नूडल्स मागवायच्या, ही पद्धत माझ्या लॅबमधल्या सगळ्यांनी मला पहिल्या आठवड्यातच शिकवली.

२०१९ पासून इथे व्यावसायिक लीग आहे, टीव्हीवर थेट दाखवतात. कोड्रॉनसारखे युरोपातले मोठे खेळाडू त्यासाठी आले. इथल्या लोकांच्या तोंडी सांग ली यांचं नाव फार असतं. ते कोरियातून अमेरिकेत गेले आणि १९९० पासून सलग बारा वर्षं तिथले राष्ट्रीय विजेते राहिले. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी स्वतःचं दालन काढलं, जगभरचे खेळाडू तिथे येत. २००४ मध्ये ते अकाली गेले. २०२४ ला कोरियाचाच चो म्यंग-वू जगज्जेता झाला, त्याच्या आदल्या वर्षी व्हिएतनामचा बाओ फुओंग विन्ह. खेळाचं केंद्र आशियाकडे सरकलंय हे डोळ्यांना दिसतं.

आमच्या दालनाच्या मालकांकडे क्यूलेमान्सच्या जुन्या सामन्यांच्या चित्रफिती आहेत. नव्या मुलांना दाखवताना ते क्यू बॉलवर बोटच ठेवत नाहीत, पडद्यावरच्या लाल बॉलवर ठेवतात.

---

सह्यभटका

गिरगावकरांचे मार्कर आणि सोलचे मालक एकच गोष्ट सांगतायत, अंगावर काटा आला वाचताना.

आता मला खेळून बघायचंय. पुण्या-मुंबईत पॉकेट नसलेलं टेबल कुठे मिळेल? आणि कुशनवर आकडे मोजून खेळायची काहीतरी पद्धत असते म्हणे, ती काय?

---

निळा_चॉक

@सह्यभटका, पुण्या-मुंबईत मी तरी असं टेबल पाहिलेलं नाही. पण तीन बॉल घेऊन पूल किंवा स्नूकरच्या टेबलावर सराव करता येतो. बॉल पॉकेटात गेला तर गुण बाद धरायचा.

कुशनच्या लाकडी काठावर खुणा असतात, त्यांना डायमंड म्हणतात. सगळ्यांत प्रचलित हिशेब असा: क्यू बॉल ज्या रेषेवरून निघतो तिला एक आकडा, लांब कुशनवर जिथे मारायचा तिथला दुसरा आकडा, आणि पहिल्यातून दुसरा वजा केला की तिसऱ्या कुशनवर बॉल कुठे पोचेल तो आकडा. कोपऱ्यातून निघालात तर ५०. तिसऱ्या कुशनवर २० ला पोचायचंय, तर ५० वजा ३० म्हणजे २०, म्हणून पहिल्या कुशनवर ३० च्या खुणेच्या रोखाने मारायचं. फटका मऊ, लांब, आणि बॉल ज्या दिशेने फिरणार त्याच बाजूची साइड.

आकडे पाठ करणं सोपं आहे. कापड नवं असेल तर बॉल घसरतो आणि लांब जातो, जुनं असेल तर आखूड. म्हणून मोठे खेळाडू सामन्याआधीच्या सरावात हाच फटका मारून टेबलाचा स्वभाव समजून घेतात आणि मग आकड्यात अर्धा-पाऊण कमी-जास्त करतात.

---

सह्यभटका

शनिवारी क्लबात जाऊन बघतो. स्नूकर टेबलावर हाच हिशेब चालेल ना?

---

गिरगावकर

जसाच्या तसा नाही चालणार. स्नूकरचं कुशन वेगळ्या घडणीचं, बॉल हलके, शिवाय टेबल बारा फुटी. पुलाचं टेबल मिळालं तर ते घ्या, त्यावर खुणाही असतात. आधी एकटा क्यू बॉल घेऊन कोपऱ्यातून तोच एक फटका खेळा, तिसऱ्या कुशनवर कुठे लागतो तिथे खडूची बारीक खूण करत जा (मार्करला विचारून, आणि खूण लाकडावर, कापडावर नाही). दर फटक्याला टिपला (क्यूच्या टोकाला) चॉक लावा. चॉक कमी पडला की साइड बसत नाही आणि हिशेब बरोबर असूनही बॉल आखूड जातो. खुणा एका जागी पडायला लागल्या की मग लाल टेबलावर आणा.